वलंदाज माणूस 'काय झालें?' हें कसें विचारतो



परभाषा शिकावयास निघालेला मनुष्य प्रथम नमस्कार शिकतो, मग आभार मानावयास शिकतो, मग आंकडे आणि भाजीबाजारांतले शब्द. दुसऱ्याच्या दुःखाची चौकशी कशी करावी हें पहिल्या धड्यांत कोणी शिकवीत नाहीं. माझेंही तसेंच झालें. कांहीं वर्षांपूर्वीं मी नेदरलँड्समधील लायडन ह्या गांवीं तीन महिने राहिलों होतों. तेथील विद्यापीठ १५७५ सालचें. संस्कृताचा अभ्यास करणाऱ्यांस त्याचें नांव परिचित आहे, कारण हेंड्रिक केर्न हे पंडित १८६५ सालीं तेथें संस्कृताचे प्राध्यापक झाले आणि तेव्हांपासून त्या गांवीं आपल्या विद्येची परंपरा चालत आली.

एके दुपारीं ग्रंथालयांत बसलों असतां घरून निरोप आला कीं, आईस रुग्णालयांत हलविलें आहे. अधिक तपशील नव्हता. परत दूरध्वनि केला तर कोणी उचलीना. पुस्तक मिटून मी तसाच बसून राहिलों. पुस्तकें फळ्यांवर लावीत चाललेल्या एक प्रौढ बाई माझ्याजवळ थांबल्या, किंचित् वांकल्या, आणि त्यांनीं तीन लहान शब्द उच्चारले : 'वात् इस् एर्?'

हे तिन्ही शब्द मला येत होते. 'वात्' म्हणजे काय, 'इस्' म्हणजे आहे, आणि 'एर्' म्हणजे तेथें. निदान माझ्या खिशांतल्या कोशानें तरी मला असेंच सांगितलें होतें. म्हणजे 'तेथें काय आहे?' ग्रंथालयांत पिशवी आणण्यास मनाई होती आणि माझी पिशवी तर पायाशींच होती. बाई तिचीच चौकशी करीत आहेत असें समजून मीं ती उघडून दाखविली. आंत एक छत्री, दोन वह्या आणि कागदांत गुंडाळलेला पाव होता. बाई क्षणभर छत्रीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनीं माझ्या तोंडाकडे पाहिलें आणि तोच प्रश्न इंग्रजींत विचारला. आतां प्रश्न कळला. पण उत्तर देतां येईना.

'वात् इस् एर्?' म्हणजे आपलें 'काय झालें?' होय. वलंदाज घरांत हा प्रश्न दिवसांतून दहा वेळां ऐकूं येतो. आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आणि त्याचीं भावंडें.

ज्यांची ही भाषा, ते लोक आपल्या पूर्वजांस अगदींच अनोळखी नव्हते. इंग्रज ज्यांस डच म्हणतात त्यांना जुन्या मराठी कागदांत 'वलंदेज' किंवा 'वलंदाज' म्हटलेलें आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत टोपीकरांचीं नांवें येतात तेथें इंग्रज आणि फरासीस ह्यांच्या पंगतीस वलंदेजही आहेत. पोर्तुगीज लोक हॉलंडच्या माणसास जें नांव देत त्यावरून हा शब्द आपल्याकडे आला. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती आणि तिचे पडके अवशेष आजही पाहावयास मिळतात. आज ही भाषा दोन कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. नेदरलँड्समध्यें, बेल्जमच्या उत्तर भागांत, आणि अटलांटिकपलीकडे दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाममध्यें ती राजभाषा आहे. १८७३ सालीं 'लाला रुख' नांवाच्या जहाजांतून कलकत्त्याहून करारबद्ध मजूर सुरिनामास नेण्यास प्रारंभ झाला. १९७५ सालीं तो देश स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकीं पुष्कळ जण नेदरलँड्सला येऊन राहिले. त्यामुळें हेग शहराच्या एखाद्या दुकानांत आपल्यासारख्या चेहऱ्याची आजीबाई अस्खलित वलंदाजींत नातवाला 'वात् इस् एर्?' म्हणून विचारते, तेव्हां नवख्या माणसानें चकित होऊं नये. अलीकडे आयंधोवन, आम्स्टेलवेन इत्यादि ठिकाणीं मराठी कुटुंबेंही बरीच आहेत, आणि ज्यांचीं मुलें तेथील शाळेंत जातात त्या आयांना शाळेच्या दारांत हा प्रश्न पहिल्याच आठवड्यांत भेटतो.

आतां तीन शब्दांकडे वळूं. पहिले दोन तसे आपले दूरचे नातलगच आहेत. 'वात्' हा शब्द आणि आपल्या वैदिक भाषेंतील 'कद्' हें प्रश्नार्थक रूप एकाच मुळापासून निघालेलीं आहेत. आमच्याकडे जेथें 'क' राहिला तेथें त्यांच्याकडे कालांतरानें 'व' झाला. 'इस्' म्हणजे तर सरळ 'अस्ति'. सारी अडचण आहे ती तिसऱ्या शब्दांत.

हा 'एर्' म्हणजे 'दार्' ह्या शब्दाचें झिजलेलें रूप. (आपल्या दरवाज्याशीं ह्या 'दार्'चा कांहीं संबंध नाहीं, वलंदाजींत 'दार्' म्हणजे तेथें.) आपण बोटानें दाखवून 'तेथें' म्हणतों तेव्हां त्यांना 'दार्' लागतो, पण बोट न दाखवितां, नुसतें 'आहे' म्हणावयाचें असलें तरी वलंदाज मनुष्याला वाक्यांत एक रिकामी खुर्ची मांडावी लागते, आणि ती खुर्ची म्हणजे हा 'एर्'. आपण म्हणतों, 'कॉफी आहे.' तो म्हणतो, 'एर् इस् कोफी.' कोणी दार ठोठावलें तर आपण म्हणतों, 'दार वाजतें आहे.' तो म्हणतो, 'एर् वोर्त् खक्लोप्त्', म्हणजे ठोठावणें चाललें आहे. कोण ठोठावतो ह्याचा उल्लेखच नाहीं. तुमच्याकडे पुस्तकें किती असें विचारलें तर उत्तर 'इक् हेब् एर् द्री', म्हणजे मजकडे 'त्यांपैकीं' तीन आहेत. एकच शब्द, आणि तीन ठिकाणीं तीन कामें. वलंदाजी शिकणारे लोक ज्या शब्दावर सर्वांत अधिक रडतात तो हाच. तो विसरला तरी वाक्य लंगडें होतें, आणि नको तेथें घातला तरी लंगडें होतें.

'वात् इस् एर्?' ह्या प्रश्नांत तो काय करतो? तो ठिकाण दाखवीत नाहीं. 'कांहीं तरी आहे, तुझ्या चेहऱ्यावरून मला तें दिसतें आहे, तें काय?' इतका सगळा भाव तो आपल्या दुबळ्या खांद्यावर वाहतो. तो काढून टाकला तर 'वात् इस्?' एवढें उरतें आणि वाक्य अर्ध्यावर तुटतें. त्याच्या जागीं 'दात्' घातला तर 'हें काय आहे?' असा वस्तूविषयींचा प्रश्न होतो. आणि 'दार्' घातला तर मात्र खरोखरच 'तेथें काय आहे?' असा प्रश्न होतो, ज्याच्या उत्तरादाखल छत्री दाखवावी.

म्हणूनच 'एर्' वर जोर देतां कामा नये. जोर द्यावयाचा तो मधल्या 'इस्' वर. जलद बोलतांना 'एर्' चा 'अर्' होतो, 'इस्' मधला 'स' मृदु पडतो, आणि तिन्ही शब्द मिळून 'वातिझर्' असें कांहींसें ऐकूं येतें. हा 'झ' आपल्या 'झाड' मधल्यासारखा नव्हे. 'स' म्हणतांना कंठांत नाद उमटविला म्हणजे जो ध्वनि होतो तो. इंग्रजाला ह्या प्रश्नाचा पहिला शब्द बोलतांना जो त्रास होतो तो मराठी माणसाला होत नाहीं. त्यांचा 'व' आपल्यासारखाच दांत आणि ओठ ह्यांच्यामध्यें हलकेच उमटतो, आणि त्यांचा 'त' श्वासाचा फुत्कार न टाकतां उच्चारतात. इंग्रजी शाळेंत शिकलेला 'ट' तेवढा विसरावा. 'वात्' मधील आकार मात्र आखूड ठेवावा.

मराठी माणूस सहसा चुकतो तो दुसरीकडेच. आपण भूतकाळांत विचारतों, 'काय झालें?' म्हणून तो 'झालें' ह्या अर्थाचें क्रियापद शोधतो आणि 'वात् इस् एर् ख़बोर्त्?' असें विचारतो. हें वाक्य अशुद्ध नाहीं. पण त्याचा रोख घटनेकडे आहे. सायकल आदळली, खिडकी फुटली, रस्त्यांत गर्दी जमली, तेथें तें शोभतें. मूल नुसतेंच तोंड पाडून बसलें असेल, घडलें कांहीं नसेल, तर वर्तमानकाळच हवा. दुःख घडून गेलेलें नसतें, तें तेथें बसलेलें असतें, असें जणूं त्या भाषेचें म्हणणें आहे. मला हा भेद आवडला. मराठींतलें 'काय आहे?' हें मात्र वर्तमानकाळी असूनही तुटक. कामांत असलेल्या माणसानें मान वर न करतां विचारलेलें.

अर्थात् वलंदाज प्रश्नही तुटक होऊं शकतो. मुलगा माडीवरून 'मा!' म्हणून ओरडला आणि आई खालून 'वात् इस् एर्?' म्हणाली तर तिचा अर्थ 'काय पाहिजे?' एवढाच. शब्द तेच, सूर निराळा. सूर निश्चित करण्यासाठीं त्या लोकांजवळ लहान लहान अव्ययें आहेत, आणि त्यांचा उपयोग आपल्या 'रे', 'गं', 'बरें', 'तरी' ह्यांच्या जवळ जातो. 'वात् इस् एर् दान्?' असें म्हटलें कीं प्रश्न मवाळ होतो : 'काय झालें बरें?' रडणाऱ्या मुलाला हेंच विचारतात. 'वात् इस् एर् तोख्?' म्हटलें कीं त्यांत काळजी येते : 'अरे, झालें तरी काय?' आणि 'वात् इस् एर् नाउ वेर्?' म्हणजे 'आतां आणखी काय?' ह्याचें भाषांतर करण्याची कोणत्याही आईला गरज नाहीं.

आतां ह्या प्रश्नाचें मोठें भावंड : 'वात् इस् एर् आन् द हान्त्?' 'हान्त्' म्हणजे हात. अक्षरशः 'हाताशीं काय आहे?' (कानाला भास होत असला तरी हा 'हान्त्' आणि आपला 'हात' ह्यांचें नातें नाहीं, आपला हात 'हस्त' पासून आला.) व्यक्तीच्या मनापेक्षां परिस्थितीविषयीं विचारावयाचें असतां हें वाक्य येतें. वर्गांत गोंधळ चालला आहे आणि गुरुजी दार उघडून आंत येतात. आगगाडी रुळावर अर्धा तास उभी आहे. पोलीस शेजारच्या दारांत आहे. ह्याचें उत्तर बहुधा 'नीत्स् आन् द हान्त्' असें मिळतें, म्हणजे काळजीचें कारण नाहीं. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही हा वाक्प्रचार वारंवार येतो. माणसाचें नांव घालून 'ह्याचें झालें आहे काय?' असेंही ह्याच वाक्यानें विचारतां येतें; पण तें बहुतेक त्या माणसाच्या पाठीमागें.

दुखण्याची चौकशी करावयाची तर शब्द आणखी बदलतात. 'वात् स्खेल्त् एर्-आन्?' आणि 'वात् मांकेर्त् य?' हे दोन्ही प्रश्न 'उणें काय आहे?' ह्या कल्पनेवर उभे आहेत. दुसरें क्रियापद तर फ्रेंचांकडून उसनें घेतलेलें असून त्याचा मूळ अर्थच 'कमी असणें' हा आहे. दक्षिण आफ्रिकेंतील आफ्रिकान्स ही वलंदाजीचीच लेक; तेथें हाच प्रश्न 'वात् माकेर्?' एवढा आखूड झाला आहे. बेल्जमकडील लोकांना 'स्खेल्त्' हें क्रियापद अधिक प्रिय आहे.

ह्या दोन्ही क्रियापदांत खड्डे आहेत, आणि मी त्यांत पडलेलों आहें. 'स्खेलन्' ह्याचा अर्थ उणें असणें, तसाच फरक असणें. आणि 'हत् कान् म नीत् स्खेलन्' ह्याचा अर्थ 'मला त्याची पर्वा नाहीं'. म्हणजे एकाच क्रियापदानें काळजीही दाखवितां येते आणि बेपर्वाईही. 'मांकेर्त्' ची गोष्ट आपल्याला लवकर समजेल. शांतपणें विचारला तर हा वैद्याचा प्रश्न. 'तुला' वर जोर देऊन विचारला तर 'तुला झालें आहे तरी काय? शुद्धीवर आहेस ना?' असा दरडावणीचा. मराठींत 'तुला झालें आहे काय?' ह्या वाक्याचेंही हेंच आहे. आजाऱ्याच्या उशाशीं तें माया आहे आणि परीक्षेच्या निकालादिवशीं तोफ. परंतु एक सावधगिरी : 'उणें' ही कल्पना जशीच्या तशी मराठींत आणूं नये. 'तुला कमी काय आहे?' असें आजारी माणसाला विचारलें तर, तुला सर्व कांहीं असून कुरकुर कां करतोस, असा ठपका त्याच्यावर येईल. तेंच बीज त्या मातींत औषध झालें आणि ह्या मातींत कांटा झाला.

वैद्याकडे आणखी एक प्रश्न ऐकूं येतो : 'वात् हेप् य?' म्हणजे 'तुझ्याजवळ काय आहे?' येथें पुन्हां पिशवी उघडूं नये. वलंदाजींत ताप आणि डोकेदुखी ह्या माणसाच्या मालकीच्या वस्तु असतात. 'इक् हेप् कोर्त्स्', मजजवळ ताप आहे. आपल्याकडे डोकें स्वतःच दुखतें, आपण फक्त त्याचे धनी. मोठ्या माणसाशीं किंवा परक्याशीं बोलतांना ह्या सर्व वाक्यांत 'य' च्या ठिकाणीं आदरार्थी सर्वनाम घालावें. तें उच्चारतांना ओठ 'ऊ' साठीं जुळवावे आणि जीभ 'ई' साठीं ठेवावी. तोंडांतून जें निघेल तें बरोबर असेल. वयस्क आईबापांना घेऊन तेथील कुटुंबवैद्याकडे जाणाऱ्या मुलांनीं हा आदरार्थी शब्द तरी पालकांस ओळखावयास शिकवावा. त्या देशांत तज्ज्ञाकडे सरळ जातां येत नाहीं, प्रथम कुटुंबवैद्यच पाहतो. म्हणून त्याचा पहिला प्रश्न कळणें बरेंच महत्त्वाचें आहे.

सगळ्यांत सोपा आणि उपयोगी प्रश्न मीं शेवटीं ठेवला आहे. 'खात् हत्?' घाईंत हा 'खातत्' असा ऐकूं येतो, आणि मराठी कानाला वाटतें कोणी जेवणाविषयीं विचारीत आहे. त्याचा अक्षरार्थ 'चालतें का?' असा आहे. त्या देशांत सायकलींचा सुळसुळाट. पावसाळी रस्त्यावर कोणी घसरून पडला कीं मागचे दोघेतिघे उतरतात आणि हाच प्रश्न विचारतात. हा 'ख' आपल्या 'खडक' मधला नव्हे. घसा खरवडून काढावयाचा, उर्दू बोलणारा 'ख़बर' म्हणतांना काढतो तसा. पडलेला मनुष्य कपडे झटकीत 'हत् खात् वेल्' म्हणतो, म्हणजे चालवून घेतों, आणि मंडळी आपापल्या वाटेनें जातात.

ह्यावरून उत्तराचा प्रश्न निघतो, आणि माझ्या मतें खरी अडचण तेथें आहे. 'वात् इस् एर्?' ला 'निक्स्' असें उत्तर देतां येतें. निक्स् म्हणजे कांहीं नाहीं. आपल्या घरांत 'कांहीं नाहीं' हें उत्तर नसतें. तें दुसऱ्यांदा विचारण्याचें आमंत्रण असतें. आई दुसऱ्यांदा विचारते, तिसऱ्यांदा पाठीवरून हात फिरविते, आणि मग खरें काय तें बाहेर पडतें. मला जे वलंदाज शेजारी भेटले त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं माझें 'निक्स्' शब्दशः खरें मानलें. आरंभीं मला ह्याचा राग आला. हे लोक नुसतें विचारावयाचें म्हणून विचारतात असें वाटलें. पुढें एका शेजाऱ्यानेंच मला सांगितलें कीं, 'तुम्ही नाहीं म्हणालांत. त्यावर पुन्हां विचारणें म्हणजे तुम्हांला खोटें पाडणें.' ह्यांत कोणाची रीत चांगली हें ठरविण्याच्या भरीस मी पडत नाहीं. मात्र तेथें एकट्यानें राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना मी एवढें अवश्य सांगेन कीं, मन जड असेल तेव्हां 'निक्स्' म्हणूं नका. दुसरा प्रश्न येणार नाहीं. पहिल्याच प्रश्नाला 'माझी आई आजारी आहे', 'मला झोंप येत नाहीं', 'मला घरची आठवण येते' असें पुरें वाक्य द्या. तें मोडकें असलें तरी चालेल. समोरचा मनुष्य खुर्ची ओढून बसेल.

आणि खरोखरच संकट आलें तर ११२ हा आंकडा फिरवावा. प्रथम पोलीस, अग्निशामक कीं रुग्णवाहिका हें विचारतात. नंतर पत्ता आणि काय घडलें तें. तेथें 'ख़बोर्त्' किंवा 'आन् द हान्त्' हे शब्द कानीं पडले कीं कारण सांगावयास आरंभ करावा. वलंदाजी न आल्यास इंग्रजींत बोलावें, लाजूं नये.

माझ्या आईची प्रकृति आठवड्याभरांत सुधारली. त्यानंतर मी ग्रंथालयांत गेलों तेव्हां त्या बाईंकडे जाऊन, आदल्या रात्रीं पाठ केलेलें वाक्य म्हटलें : 'हत् खात् बेतर् मेत् मैन् मुदर्', माझ्या आईला आतां बरें आहे. त्यांनीं हातांतलीं पुस्तकें खालीं ठेविलीं, माझा 'ख' पुरेसा खरखरीत नाहीं असें सांगितलें, दोन वेळां म्हणून घेतला, आणि आईचें वय विचारलें.